जहाँपनाहचा गाडला गेलेला तट न खणता कसा ओळखायचा?

गढीवाला
सीरी आणि किला राय पिथौरा या जुन्या दिल्लीतल्या दोन तटबंद नगरांमधली वस्ती आत घ्यायला महंमद तुघलकाने १३२६-२७च्या सुमारास जहाँपनाह या नव्या नगराचा तट बांधला. सतपुला या तटातल्या जुन्या बंधाऱ्यापाशी तो दिसतो, पुढे बागा-वसाहतींखाली गडप होतो. दक्षिण दिल्लीतल्या अशाच एका बागेत लांबट उंचवटा आहे, कडेला दगडांची ओळ उघडी पडलीय. तट की जुनं कंपाउंड? जीपीआर (जमिनीत रेडिओलहरी सोडून आतलं शोधणारं रडार) भाड्याने घ्यावा का?

चुनखडी
आधी टेप घ्या. दगडावरून काहीच ठरत नाही, दिल्लीचा तोच क्वार्ट्झाइट विसाव्या शतकातल्या कंपाउंडांनाही वापरलाय. जाडी बघा: कंपाउंड दीड फुटाच्या आसपास, तट मीटरांत. दोन्ही दर्शनी तोंडांच्या मध्ये चुन्यात बसवलेली अनघड दगडांची भर हवी. तुघलकी तटाचं बाहेरचं तोंड वर जाताना आत झुकतं, पण दोन-तीनच थर उरले असतील तर ओळंब्यावर विसंबू नका; मुळांनी ढकललेली भिंतही कलते.

दगडांमधल्या सांध्यांनी फसू नका, डागडुजीत वरून सिमेंट भरलेलं असतं. आतला चुना बघा: पांढऱ्या गाठी, कधी सुरखी, म्हणजे विटेची पूड. व्हिनेगरचा प्रयोग तर नकोच. जुनं सिमेंटही फसफसतं, आणि भिंतीचं नुकसान होतं ते वेगळंच.

थर_मातीचे
जाडी मोजायला दोन्ही तोंडं उघडी हवीत ना? इथे एकच दिसतंय, म्हणजे यंत्र लागणारच. फक्त हंगाम सांभाळा. जीपीआर कोरड्या मातीत, मे-जूनमध्ये. ओल्या चिकणमातीत सिग्नल मीटरभरातच विझतो. पाणी घातलेल्या हिरवळीवर पैसे वाया. ४०० मेगाहर्ट्‌झचा अँटेना, यंत्र फिरवायच्या ओळी उंचवट्याला काटकोनात, दर अर्ध्या मीटरवर. आडवा ओलांडलेला पाइप टोकदार कमानीसारखा उमटतो, रुंद भिंतीचा माथा सपाट येतो. एका ओळीवरून निष्कर्ष नको, शेजारच्या चार-पाच ओळींतही तो त्याच रेषेत यायला हवा.

रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे मातीचा विद्युत रोध मोजण्याचं, उलट. ती पावसाळा सरल्यावर करा. उन्हाळ्यात मातीचाच रोध इतका चढतो की भिंत वेगळी उठत नाही. चुंबकीय फरक मोजणारा मॅग्नेटोमीटर लोखंडी कुंपणाशेजारी निरुपयोगी.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: तटाचे दगड लोकांनी घरांसाठी उपसून नेले असतील तर मागे नुसता चर उरतो. त्यात भरलेली भुसभुशीत माती ओल धरते आणि भिंतीच्या जागी कमी रोधाचा पट्टा येतो. तो बघून ‘तट नाही’ असा शेरा मारू नका.

नकाशे_फडके
यंत्राआधी १९६०च्या दशकातले कोरोना या अमेरिकी हेर उपग्रहांचे फोटो बघा. १९९५मध्ये खुले झालेत, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर मिळतात. चांगल्या फोटोंत सुमारे दोन मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, आणि दक्षिण दिल्लीतल्या बऱ्याच वसाहती तेव्हा झालेल्या नव्हत्या. फोटो आजच्या नकाशावर जुळवायला सतपुला आणि बेगमपूरची मशीद हे ठरलेले बिंदू. आणखी दोन-तीन घ्या, पण सगळे एका रेषेत नकोत. फिल्मच्या लांब पट्टीच्या कडांना फोटो ताणलेला असतो म्हणून अख्खी पट्टी बसवू नका, हवा तेवढाच तुकडा कापा.

@थर_मातीचे, रेझिस्टिव्हिटीचे प्रोब जमिनीत खुपसावे लागतात. संरक्षित हद्दीत तेवढ्यालाही पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी आधी काढा. स्मारकाला इजा झाली तर २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. टेप आणि कॅमेऱ्याने जे होतं ते आधी उरका.