शुभवर्तमानातले प्रश्न स्वतःला विचारायचे की दुसऱ्यांना?

रेसिडेन्सीची सून (इंदूर)

माझ्या सासूबाई नऊ वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आहेत. गेल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रार्थनागटातली पाच माणसे त्यांना भेटायला घरी आली. आमच्याकडे रविवारची उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत असा जुना रिवाज असल्यामुळे त्यांच्यातल्या प्रमुख भावांनी आमचेच मराठी पवित्र शास्त्र (बायबल) उघडून योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला येशू विचारतो, "तुला बरे होण्याची इच्छा आहे काय?" तेवढ्यावर न थांबता त्यांनी पुस्तक मिटले आणि तोच प्रश्न सासूबाईंकडे पाहून हिंदीत विचारला. त्यांच्या "सचमुच" या शब्दावरचा जोर मला अजून ऐकू येतो. सासूबाईंना स्पष्ट बोलता येत नाही. त्या डाव्या हाताच्या बोटांनी गोधडीचा काठ गोळा करत राहिल्या. पाहुणे गेल्यावर बऱ्याच वेळाने, तुटक शब्दांत, त्यांनी मला एवढेच विचारले की त्यांना चहा दिलास का.

त्या रात्री मी तो अध्याय पुन्हा वाचला, आणि इतकी वर्षे ऐकूनही निसटलेली एक गोष्ट ध्यानात आली. तो आजारी माणूस "होय" म्हणतच नाही. पाणी उसळले की तळ्यात आधी उतरणारा बरा होतो अशी समजूत होती, आणि तेव्हा मला तळ्यात सोडायला माझा कोणी माणूस नाही, असे तो सांगतो. प्रश्न त्याच्या इच्छेचा होता, पण उत्तरात तक्रार निघाली ती सभोवतालच्या गर्दीची, म्हणजे आज त्या खोलीत शास्त्र उघडून बसलेल्या आम्हा सहा धडधाकट माणसांची. माझ्या मते ख्रिस्ती जीवनात शुभवर्तमानातले प्रश्न ऐकण्यासाठी आहेत, दुसऱ्यावर फेकण्यासाठी नाहीत. विचारणारा येशू होता. त्याने विचारले आणि माणसाला उठवलेही. आपण त्याचा प्रश्न तेवढा उचलतो आणि त्याच्या जागी जाऊन बसतो. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या शास्त्र्याने "माझा शेजारी कोण?" असे विचारले ते कुंपण कोठे घालायचे हे ठरवण्यासाठी, आणि येशूने गोष्ट सांगून प्रश्नच उलटा केला की लुटारूंच्या हाती सापडलेल्या त्या माणसाचा शेजारी कोण झाला. तो प्रश्न शास्त्र्याकडेच परत आला. आपल्याकडे तो परत येऊ द्यायची तयारी फारशी दिसत नाही.

महूकर

ताई, आपल्या घरी जे घडले ते अशोभनीय होते, याबद्दल दुमत नाही. परंतु एका माणसाच्या अडाणीपणावरून आपण जो नियम काढला आहे तो मला मुळीच मान्य नाही. प्रश्न फक्त स्वतःलाच विचारायचा असेल, तर ख्रिस्ती मंडळी (चर्च) कशासाठी हवी? प्रत्येकाने आपापल्या खोलीत आरसा घेऊन बसावे म्हणजे झाले. लूकच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य एकमेकांनाच विचारतात की, येशू आपल्याशी बोलत होता तेव्हा आपले अंतःकरण आतल्या आत उकळत नव्हते काय. हा एकमेकांना विचारलेला प्रश्न आहे, आणि तो विचारताच ते त्याच घटकेला उठून यरुशलेमेस परत गेले.

दुसरे असे की, आपल्या भागात १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने काम सुरू केले, तेव्हा त्यांच्याबरोबर श्रद्धेची शिकवण प्रश्न-उत्तरांतून पाठ करून घेणाऱ्या प्रश्नोत्तरीची परंपराही आली. प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. पहिला प्रश्न मनुष्याचा मुख्य उद्देश कोणता असा आहे, आणि देवाचे गौरव करणे व सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद पावणे हे त्याचे उत्तर. माझ्या आजोबांना शेवटच्या दिवसांत नातवंडांची नावे आठवत नव्हती, पण हा प्रश्न विचारला की उत्तर येत असे. ते उत्तर त्यांच्यात उतरले, कारण लहानपणी कोणीतरी दुसऱ्याने त्यांना तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता. आजकाल "उत्तरापेक्षा प्रश्न महत्त्वाचा" असे म्हणण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यात मला आळस अधिक दिसतो.

रेसिडेन्सीची सून

दादा, प्रश्नोत्तरीला माझा विरोध नाही. तीतला प्रश्न विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही बांधतो. अम्माऊसच्या शिष्यांचेही तेच आहे. "आपले अंतःकरण" असे ते म्हणतात, "तुझे" असे म्हणत नाहीत.

एक कॅथलिक वाचक, इंदूर

या चर्चेत आपल्याच परिसरातली एक घटना यायला हवी. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींना सावकारीच्या पाशातून सोडवण्याचे काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये भोसकून त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारिया यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले.

येशूचा शिष्य पेत्र याने त्याला विचारले होते, "माझ्या भावाने माझा अपराध केल्यास मी त्याला कितीदा क्षमा करावी? सात वेळा काय?" या वाक्यातला "मी" आणि "माझा" नीट वाचावा. हा प्रश्न ज्याचा अपराध झाला त्याचाच आहे, म्हणून येथपर्यंत मी ताईंच्या बाजूचा आहे. त्या बहिणीला, किंवा केरळात बसलेल्या त्यांच्या आईला, "तुम्ही कितीदा क्षमा कराल?" असे विचारण्याचा अधिकार इंदुरातल्या कोणाही माणसाला नव्हता.

मात्र ताईंचा नियम शेवटपर्यंत ताणला तर एक अडचण उभी राहते. राणी मारिया स्वतः प्रश्न विचारणाऱ्या होत्या. कर्जात बुडालेल्या माणसाकडून इतके व्याज का घेता, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी ठेवला असता तर त्यांना कोणी मारले नसते. येशूनेही मंदिरातल्या पुढाऱ्यांना अडचणीत आणणारा प्रश्न चारचौघांत विचारला, की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गापासून होता की मनुष्यांपासून. आणि दोन्ही उत्तरे महागात पडणार हे ओळखून त्यांनी "आम्हांला ठाऊक नाही" असे सांगून वेळ मारून नेली. दुबळ्याच्या उशाशी बसून विचारलेला प्रश्न आणि बलवानाच्या दारात उभे राहून विचारलेला प्रश्न हे दोन निराळे प्रकार आहेत. आपल्या मंडळ्यांत पहिला प्रकार भरपूर चालतो. दुसरा वर्षातून एकदाही ऐकू येत नाही, आणि वार्षिक सभेत हिशेबाचा विषय निघाला की सगळेच "आम्हांला ठाऊक नाही" पंथाचे होतात.

शेजारी (ख्रिस्ती नसलेला)

मी बाहेरचा माणूस आहे, तरी एक नोंदवतो. "दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही" हे आम्हीही घरोघरी म्हणतो. मत्तयाच्या सातव्या अध्यायात ते प्रश्नाच्या रूपात आहे हे मला ख्रिस्ती मित्रामुळे कळले. गंमत अशी की आमच्या घरात ही म्हण आजवर कोणी स्वतःला उद्देशून वापरल्याचे मला आठवत नाही.

भाषेचा विद्यार्थी

ताईंच्या लेखात एक गृहीतक दडलेले आहे, की ज्या प्रश्नाने समोरचा दुखावतो तो प्रश्न विचारण्यातच चूक आहे. योहानाचा एकविसावा अध्याय याच्या विरुद्ध जातो. तलावाकाठी सात शिष्य असताना येशू पेत्राला "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" असे तीनदा विचारतो आणि तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला असे स्पष्ट लिहिले आहे. येशूला तीन वेळा नाकारणाऱ्याला तीन वेळा विचारले गेले, दुखणारच होते.

दोन भाषांत शास्त्र ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी येथे एक मौज आहे. ग्रीकमध्ये येशू पहिल्या दोन वेळा "अगापाओ" हे प्रीतीचे वरचे मानले जाणारे क्रियापद वापरतो, पेत्र दर वेळी "फिलेओ" या प्रेमाच्या दुसऱ्या क्रियापदाने उत्तर देतो, आणि तिसऱ्यांदा येशूही "फिलेओ"वर येतो. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात येशू "प्रीती करतोस काय" असे विचारतो आणि पेत्र "प्रेम करतो" म्हणतो. हिंदीत येशू "प्रेम" म्हणतो आणि पेत्र "प्रीति". एका भाषेतला वरचा शब्द दुसरीत खालचा झाला! यावर रचलेली प्रवचने मी दोन्ही भाषांत ऐकली आहेत आणि दोन्ही तितक्याच ठामपणे केलेली होती. खरे तर योहान पित्याच्या पुत्रावरील प्रीतीसाठी तिसऱ्या अध्यायात एक क्रियापद वापरतो आणि पाचव्यात दुसरे, त्यामुळे या फरकावर फार भार टाकू नये. भार टाकायचाच असेल तर प्रत्येक उत्तरानंतर जे काम सोपवले आहे त्यावर टाकावा, म्हणजे कोकरे चारणे आणि मेंढरे पाळणे यांवर.

रेसिडेन्सीची सून

आपला आक्षेप मी दोन दिवस मनात घोळवला आणि तो बरोबर आहे असे मला वाटते. दुखावणे ही कसोटी नव्हे. पण त्याच अध्यायात, आपण सोडून दिलेल्या ओळीत, "त्यांची न्याहारी झाल्यावर" असे शब्द आहेत. रात्रभर जाळे टाकूनही काहीच हाती न लागलेल्यांसाठी त्याने कोळशाचा विस्तव पेटवला होता, त्यावर मासळी ठेवलेली होती, भाकर होती. "या, न्याहारी करा" असे म्हणून त्याने आधी त्यांना खाऊ घातले आणि मग पेत्राला विचारले. म्हणून माझे पहिले विधान मी थोडे बदलते. दुसऱ्याला विचारू नये असे नाही. पण विचारणाऱ्याचे हात आधी त्या विस्तवापाशी काळे झालेले असावेत. आमच्याकडे मात्र चहा पाजण्याची काळजी ज्यांना प्रश्न विचारला त्यांनीच केली.

आणखी एक सांगते. त्या पाचांतल्या एक बाई पुढच्या गुरुवारी एकट्याच आल्या. त्यांनी पदर खोचला, माझ्याबरोबर चादर बदलली, रेक्झिन पुसून घेतले आणि सासूबाईंना विचारले, "कोणत्या कुशीवर वळवू?" सासूबाईंनी डावीकडे बोट दाखवले. बार्तीमयाला येशूने विचारले होते, "मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?" आंधळ्याला काय हवे असेल हे उघड दिसत असूनही त्याने विचारले. हे वाक्य मी अनेकदा वाचले होते. या वेळी ते घरात घडताना पाहिले.

महूकर

न्याहारीचा मुद्दा मान्य. मीही तो अध्याय वाचताना थेट पंधराव्या ओळीच्या उत्तरार्धावर उडी मारत आलो आहे, हे कबूल करतो. पण ताई, कुशीवर वळवून झाल्यावर न्याहारी संपली असे समजायचे की नाही? सासूबाईंना नऊ वर्षे देवाशी काही बोलायचे असेल, भांडायचेही असेल. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा क्रुसावरच्या येशूचा प्रश्नही शुभवर्तमानातच आहे, आणि तो त्यांच्या मनात आहे का हे आपण कोणीही त्यांना विचारलेले नाही. गुरुवारी येणाऱ्या बाईंनी विचारावे असे मला वाटते. आपली हरकत असेल तर कळवावे.