चकमकीची रायफल: ठिणगीच पडत नाही, मदत हवी आहे

रिकामा_सुतार
मंडळी, जरा घाईत आहे. ठासणीच्या (नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू नि गोळी ठासायच्या) रायफलीचं काम संपलं. मेपलचा दस्ता घासून झाला, पितळी साज बसला. आता चाप ओढला की नुसतं 'खट्'. ठिणगी म्हणून नाही! चार दिवस हेच चाललंय. घोडा जोरात पडतो, त्याच्या जबड्यातल्या गारगोटीला धार आहे. २६ डिसेंबरला शिकारीचा हंगाम सुरू होतोय. काय करू?

कोर्टकचेरी
घरी बंदूक? शस्त्र अधिनियम १९५९ वाचा. बनवणं सोडा, विनापरवाना नुसती बाळगली तरी गुन्हा. संपादकांनी धागा उडवावा.

रिकामा_सुतार
अहो, मी पेनसिल्व्हेनियात आहे, लँकेस्टरजवळ. लिहिलं नव्हतं का? इथे अठराव्या शतकात जर्मन कारागीर ज्या लांब नळीच्या रायफली करायचे, त्या घाटाची आहे. असली ठासणीची रायफल अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 'फायरआर्म' धरत नाहीत. राज्याचे नियमही बघून झालेत. ठिणगीचं बोला.

देवगडकर
आमच्या आजोबांकडे होती ठासणीची. शेतीरक्षणाचा परवाना, डुकरांसाठी. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची. दर वेळी दारू ठासायचा गज हरवलेला. पण ती केपाची होती, म्हणजे दगडाऐवजी घोड्याखाली फुटणारी छोटी टोपी. तुम्हीही केपाचा चाप, म्हणजे घोड्याची सगळी कळ, बसवा, कशाला हे दगड आपटत बसता?

रिकामा_सुतार
इथला नाताळनंतरचा हरणांचा हंगाम चकमकीच्याच बंदुकीचा असतो. केप चालत नाही.

पोलादपुरी
सुतारबुवा, चाप आणि नळी स्वतः घडवलीत की तयार संच घेतलात? गारगोटी कसली? घोड्याच्या जबड्यात चामडं घातलंय ना? आणि रंजकदानीवर, म्हणजे रंजक (पेटवणीची दारू) ठेवायच्या खोलग्यावर, जी पोलादी पट्टी उभी असते (फ्रिझन), तिच्यावर ओरखडे कुठे उठतात? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार? आणि हे सगळं रिकाम्या नळीवर, दारू खोलीतही नको.

रिकामा_सुतार
तयार संच. नळी रिकामीच आहे. चामडं आहे. गारगोटी गेल्या वर्षी वेरूळला गेलो होतो तेव्हा रस्त्याकडेला उचललेली, घरी घासून धार काढली.

गारगोटीवाला
तिथेच चुकलं. फ्लिंट (चकमकीचा दगड) हवा तो इंग्लंडातल्या ब्रँडनचा, काळा. तिथे पिढ्यान् पिढ्या बंदुकीचे फ्लिंट फोडायचं काम चालायचं. आपली दख्खनची गारगोटी म्हणजे बेसाल्टच्या पोकळीत भरलेला अगेट. घासलेली धार लवकर मरते. फ्लिंटची कपची काढली की ताजी धार मिळते.

पोलादपुरी
अगेटनेही ठिणगी पडते हो. कमी टिकते, पण पडते. अजिबात नाही म्हणजे रोग दुसरा. सुतारबुवा, ओरखड्यांचं राहिलं.

भाऊसाहेब_बखर
या निमित्ताने आठवलं, पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी कवायती पलटणीसारखे लढले, आणि त्याच काळात आपल्याकडे तोड्याच्या बंदुकाही भरपूर होत्या. तोड्याला निदान ठिणगीची पंचाईत नाही, पेटती वात थेट रंजकावर टेकायची.

देवगडकर
आणि पावसात वात विझली की?

भाऊसाहेब_बखर
पानिपत जानेवारीत झालं.

रिकामा_सुतार
लोकहो! पट्टीवर खोल चरे पडलेत, मधोमध, नांगरल्यासारखे. कडेला अजून छान निळी झाक आहे.

पोलादपुरी
निळी झाक कुठून आली?

रिकामा_सुतार
मीच आणली. पांढरंफटक पोलाद नव्यासारखं दिसत होतं, म्हणून पट्टी सोडवून स्वयंपाकघरातल्या गॅसवर निळी होईपर्यंत तापवली. सांगायचं राहिलं. त्याचा काय संबंध?

पोलादपुरी
अहो, सगळा संबंध त्याचाच! ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. गारगोटी कडक पोलादाचा बारीक कीस काढते, तो तापून हवेत जळतो. पोलाद निळं झालं म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास गेलं. लोहाराने कोयत्याला दिलेलं पाणी चुलीत घातल्यावर उतरतं, तसं पट्टीचं उतरलं. आता दगड कीस न काढता नुसता रुततो. बारीक कानस फिरवून बघा. घसरली तर पट्टी कडक आहे, चावली तर मऊ.

रिकामा_सुतार
चावली. अगदी मऊ चावली.

गारगोटीवाला
कोळशाच्या भट्टीत लालभडक करा, तेलात बुडवा, झालं. दहा मिनिटांचं काम.

पोलादपुरी
पोलादाची जात माहीत नसताना? तडा गेला तर पट्टीही गेली आणि हंगामही. चाप ज्याने बनवला त्याच्याकडे पाठवा. तो पुन्हा पाणी देईल नाहीतर नवी पट्टी देईल. आणि रंग हवा असेल तर चापाच्या बाहेरच्या पत्र्याला द्या, झीज होते त्या तोंडाला नाही.

रिकामा_सुतार
पाठवतो. बायको म्हणाली, गॅसवर करत होतास तेव्हाच विचारणार होते.

जवस_तेल
उशिरा आलो. दस्त्याला काय लावलंत? जवसाचं तेल लावलं असेल तर पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. आतल्या आत तापून आपोआप पेटतो. पसरून वाळवा.

रिकामा_सुतार
जवसच लावलंय. म्हणजे चार दिवस जिथे ठिणगी हवी तिथे पडत नाही, आणि चिंध्या...

थांबा. त्या गॅरेजमधल्या खोक्यात आहेत.