एक्सेल की वेगळं सॉफ्टवेअर?

घरच्या जमाखर्चाला एक्सेल पुरतं का, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय. मला नाही पुरलं. चारपाच वर्षं झाली, जुन्या डेस्कटॉपवर ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट आहे, पण द्विनोंदी पद्धत. नवी पेठेतून दोनशेची शेंगाचटणी आणली की रोख कमी, किराणा जास्त, दोन्हीकडे नोंद. वडिलांनी चादरीच्या कारखान्यात कीर्द-खतावणी लिहिलेली, त्यांना दहा मिनिटांत कळलं. मला दोन आठवडे लागले!

बँकेचं स्टेटमेंट सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुरातला तक्ता) आत घेता येतं, फक्त तारखेचा क्रम नीट निवडा. मी दिवसाच्या जागी महिना निवडला आणि 12 जानेवारीचा गड्ड्यातला (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला) खर्च थेट 1 डिसेंबरला जाऊन बसला. तेरावा महिना नसतो, त्यामुळे 13 तारखेपासूनच्या ओळी त्याने घेतल्याच नाहीत, म्हणून तरी लक्षात आलं. नाहीतर यात्रेतले पाळणे डिसेंबरातच फिरले असते.

सेटिंगमधे हिशेबाचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च करून घ्या, आधी ते जानेवारी-डिसेंबर असतं.

आणि मायक्रोसॉफ्ट मनी या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सीडी कुणी देत असेल तर नको म्हणा, त्याची विक्री 2009 मधेच बंद झालीय.