उत्तर: मिशन बीचला बिबडे वाळेनात

प्रेषक: रावेरची सून, मिशन बीच
12 मार्च

मंडळींनो, नमस्कार.

नोव्हेंबरात आम्ही रावेरहून इकडे, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर आलो. आमचे हे टलीजवळ केळीच्या पॅकिंग शेडवर कामाला आहेत. (केळी सोडून निघालो आणि केळीतच येऊन पडलो!) गावाकडे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फोटोतला समुद्र. नणंद म्हणते, मज्जा आहे बाई तुझी, रोज डुंबत असशील. समुद्र दोनशे पावलांवर आहे, पण नोव्हेंबर ते मे त्यात जेलीफिश. जाळी लावलेल्या चौकोनात उतरायचं, तेही अंगभर सूट घालून. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली दिसली, मला वाटलं कुणी डबा खायला आलेलं विसरून गेलं. नंतर कळलं, ती डंखासाठी ठेवलेली असते.

फेब्रुवारीत सासू-सासरे आले. आईंनी आठवड्याच्या आत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातला. ज्वारी आणायला केर्न्स गाठलं, जाऊन-येऊन पावणेतीनशे किलोमीटर. तीन दिवस भिजवली, भरड काढली, तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवला. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून आम्ही तो निम्मा तर असाच संपवला. उरलेला ओल्या फडक्यावर थापला. रावेरला सकाळी थापलेले बिबडे संध्याकाळी फडक्यावरून सोडवायला घेतो. इथे चार दिवस पाऊस आणि पाचव्या दिवशी बिबड्यांवर हिरवे-काळे ठिपके. आई काही बोलल्या नाहीत. फडकं तसंच गुंडाळून कचऱ्यात टाकलं, धुतलंसुद्धा नाही. त्या माउलीने आयुष्यात धडकं फडकं कधी फेकलेलं नाही.

सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, वेगळंच. वाटेत केळीचा मळा दिसला की गाडी थांबवायला लावायची. एकदा थेट उतरून बांधावरच गेले आणि हे पाठोपाठ धावले. इथल्या खोऱ्यात 2015 मध्ये केळीच्या पनामा मर रोगाचा टीआर4 हा प्रकार सापडला. तो बुटाच्या मातीतूनही पसरतो, म्हणून पाय जंतुनाशकात बुडवल्याशिवाय आणि मालकाच्या परवानगीशिवाय मळ्यात कुणाला पाऊल टाकू देत नाहीत. नाना म्हणाले, "पन्नास वर्षं केळी केली आणि आता मला बागेत बंदी?" पण रोग म्हटल्यावर परत आले, गप्प गाडीत बसले. सीएमव्ही विषाणूमुळे उपटून फेकलेली बाग त्यांनी स्वतः पाहिली आहे. मग काचेतूनच फण्या मोजत राहिले.

तर प्रश्न दोन. या हवेत वाळवणं कुणी केली आहेत का? आणि दुसरा, जरा लाजतच विचारते: इथे माणसं ओळखीची कशी करायची? शेजारीण रोज हात हलवते, "हाय" म्हणते, की संपलं. संध्याकाळी सहाला मी रिकामी होते तेव्हा रावेरला दुपारचे दीड वाजलेले असतात आणि सगळे जेवून आडवे झालेले.

प्रेषक: आप्पा, इनिसफेल
13 मार्च

बठासले राम राम.

ताई, चूक तुमची नाही, महिन्याची आहे. टलीला तो सोनेरी गमबुटाचा पुतळा पाहिलात ना? त्याची उंची 7.9 मीटर आहे, कारण 1950 मध्ये तिथे 7,900 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जळगावला वर्षाला सातशेच्या आसपास पडतो. म्हणजे आपला अकरा वर्षांचा पाऊस टलीवर एका वर्षात ओतला! त्यात तुम्ही फेब्रुवारीत बिबडे थापता?

इथे वाळवणाचं पंचांग उलटं लावायचं. चैत्र-वैशाख विसरा. जुलै ते सप्टेंबर कोरडं ऊन असतं, वारा असतो, माश्या कमी असतात. मी अमळनेरचा, पहिली दोन वर्षं हट्टाने मे महिन्यातच कुरडया केल्या आणि दोन्ही वेळा त्या बुरशीने खाल्ल्या. घरात एसी ड्रायवर लावून पातळ पापड निघतात, पण त्यांना उन्हाची चव नाही. बायको त्यांना दवाखान्यातले पापड म्हणते.

माणसांचं म्हणाल, तर मी 2010 मध्ये आलो. सहा महिने आमचंही "हाय"वरच चाललं होतं. मग 3 फेब्रुवारी 2011 च्या पहाटे यासी वादळ तुमच्या मिशन बीचजवळच किनाऱ्यावर चढलं. रात्रभर आम्ही बाथरूममध्ये, डोक्यावर गादी. सकाळी दार उघडलं तर आंब्याचं झाड आडवं आणि शेजारी त्याच्यावर चेनसॉ घेऊन उभा. मी त्याला बोलावलंसुद्धा नव्हतं. वीज नव्हती, सगळ्यांचे फ्रीज वितळत होते, म्हणून गल्लीतल्यांनी मांस आणून एकाच शेगडीवर भाजलं. मी गॅसवर मुगाची खिचडी केली, फोडणीत लसूण जास्त. तो शेजारी अजूनही मला 'खिचडी' म्हणतो.

या लोकांना ओट्यावर बसून गप्पा मारायची सवय नाही, कारण ओटाच नाही. हातात काम असलं की ती बोलतात. एसईएसमध्ये, म्हणजे वादळ-पुरात मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकात, नाव घाला, वाळूच्या पिशव्या भरायला बायकासुद्धा असतात. वादळाची वाट बघू नका मात्र!

आणि नानांना सांगा, 2006 च्या लॅरी वादळाने इथल्या केळीबागा झोपवल्या तेव्हा केळी दहा डॉलर किलोच्या वर गेली होती. बाहेरून ताजी केळी हा देश आणतच नाही. हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

प्रेषक: काकू, ब्रिस्बेन
13 मार्च

आप्पांचं सगळं बरोबर, फक्त एक जोडते, कारण ही ईमेल यादी इकडे दक्षिणेला गोल्ड कोस्टची मंडळीही वाचतात. व्हिनेगर उत्तरेच्या जेलीफिशसाठी. आमच्याकडचा निळा ब्लूबॉटल डसला तर व्हिनेगर लावू नका. शेपट्या काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात 20 मिनिटं धरा. आणखी एक: तुमच्याकडे रीफमुळे, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या रांगेमुळे, लाटा अडतात, इकडे थेट येतात. तापीत पोहलेले आमचे एक पाहुणे जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या बाहेर उतरले आणि रिपमध्ये, म्हणजे आत समुद्रात ओढणाऱ्या प्रवाहात, सापडले. नदीचा माणूस काठाकडे जोर लावतो, दमतो आणि बुडतो. त्यांनी हात वर केला म्हणून वाचले. रिपमध्ये तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरकायचं.

(आणि आप्पा, विषय बदलला की विषयाची ओळ बदलत चला.)

प्रेषक: रावेरची सून, मिशन बीच
25 ऑगस्ट

आप्पा, काकू, वाळले!

आई-नाना मे महिन्यात परत गेले. परवा सकाळी दहाला व्हिडिओवर बिबडे घातले, म्हणजे रावेरला पहाटेचे साडेपाच. आईंनी चहा होण्याआधीच फर्मान सोडलं: "फडकं पिळून टाक. पाणी सुटलं तर तुझं तू बघ." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोकं उचलली गेली. पाठीमागून पाणी शिंपडून एकेक सोडवला, तीन फाटले.

एसईएसला जाते आहे. शेजारीणही तिथेच निघाली, पिशव्या भरताना सांगते की तिला गुडघ्याचा त्रास आहे. इतक्या महिन्यांत मला हे माहीत नव्हतं.

श्रावणात आपली खान्देशची देवी कानबाईही बसवली. नारळ बीचवर पडलेलाच मिळाला, सोलायला मात्र ह्यांना पहारीने अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी विसर्जनाचा प्रश्न आला. ओढ्यावर मगरीची पाटी, त्यामुळे अंगणातल्या टबातच बोळवण केली. आईंना सांगितलं नव्हतं, आता इथे लिहिलंय म्हणजे कळेलच.

आणि बिबडे काढत होते तेव्हा कॅसोवरी आला, इथला तो मोठा, न उडणारा पक्षी. तीन पिल्लं मागे, म्हणजे बापच असणार, कारण पिल्लं तोच वाढवतो. पळायचं नाही, मध्ये काहीतरी धरायचं, हे पाटीवर वाचलं होतं. मी बिबड्यांसकट खाट आडवी उभी केली आणि मागे मागे सरकले. काढतानाही आईंना व्हिडिओ लावला होता, तो चालूच होता. आई ओरडल्या, "अगं बिबडे सांडतील!"

चार सांडले. एक त्याने उचलला, चोचीत फिरवला आणि टाकून दिला.