वळणावर बीप वाजतो, पण मीटरवर दिवा एकही नाही (जुनी डिझेल गाडी)

घाटवाट:
२००८ ची डिझेल सात सीटर, १ लाख ६० हजार किमी. मीटरच्या बाजूने दोन-तीन छोटे बीप येतात. सपाट, सरळ रस्त्यावर कधीच नाही. डावीकडच्या लांब वळणावर, आणि आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की हमखास. तेव्हा मीटरवर कुठलाच दिवा लागलेला दिसत नाही. दारं, डिकी, सीटबेल्ट बघून झाले. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. रिव्हर्स सेन्सर बाहेरून बसवलेले आहेत. सुरुवात कुठून करू?

तारजोड:
आधी आवाज कुणाचा ते पक्कं करा. बाहेरून बसवलेल्या सेन्सरचा बझर वेगळा असतो, बहुधा डॅशबोर्डखाली किंवा मागे. त्याचा प्लग काढा आणि त्याच वळणावरून गाडी न्या. बीप तरीही आला तर तो मीटरचाच.

मग दिव्यांची परेड घ्या. इंजिन सुरू न करता चावी ऑन करा. ऑइल, बॅटरी, ब्रेक, इंजिन, सगळे दिवे लागले पाहिजेत. एकेक मोजा. जो लागत नाही, त्याच्यावर पहिला संशय. जुन्या मीटरमध्ये छोटे बल्ब असतात आणि ते उडतात. बझर शाबूत आणि बल्ब गेलेला, असं झालं की बीप येतो आणि दिवा दिसत नाही. नंतर हँडब्रेक ओढून ब्रेकचा दिवा लागतो का बघा. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी या दोघांना मिळून एकच दिवा असतो.

स्कॅनरवर विसंबू नका. ब्रेक ऑइलच्या डब्यातला फ्लोट म्हणजे साधा स्विच, त्याची तार बहुतेक जुन्या गाड्यांत थेट मीटरला जाते. इंजिनच्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसतो, मग कोड येणार कुठून?

डिझेलपाणी:
दारांचा एवढ्यात निकाल लावू नका. वळणावर बॉडी पिळते आणि दाराच्या चौकटीतला बटण स्विच क्षणभर सुटतो. कोकणातल्या गाड्यांत तो आतून गंजतो. आतला दिवा दाराच्या खुणेवर ठेवून रात्री त्याच वळणावर न्या, दिवा लुकलुकला तर दारच.

डिझेल फिल्टरला पाण्याचा सेन्सर असेल तर तेही बघा. खालचा स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल घ्या, पाणी तळाशी वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, स्क्रू आवळा, फिल्टरजवळचा डिझेलचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबा.

सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र मल्टिमीटर लावू नका. ती एअरबॅग किंवा बेल्ट प्रिटेन्शनरची (धडकेत सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेची) लाइन असते.

घाटवाट:
सेन्सरचा प्लग काढला, बीप तसाच. आतला दिवा लुकलुकला नाही. चावी ऑन केल्यावर ब्रेकचा दिवा लागत नाही, हँडब्रेक ओढूनही नाही. डब्यातलं ऑइल मिनच्या रेषेच्या जेमतेम वर आहे. मॅक्सपर्यंत टॉप-अप करून टाकू का?

तारजोड:
नाही, आधी टॉप-अप अजिबात नको. ऑइल मिनजवळ असलं की वळणावर आणि उतारावर ते डब्यात एका बाजूला सरकतं, फ्लोट खाली बसतो, बझर वाजतो. तुमची लक्षणं तंतोतंत हीच आहेत. आता ऑइल कशामुळे उतरलं, ते शोधायचं.

बहुतेक वेळा कारण ब्रेक पॅडची झीज असते. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्यामागची जागा ऑइल भरून काढतं. चाक काढून अस्तराची जाडी मोजा, ३ मिमी किंवा कमी उरली असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड एकत्र बदला. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की डब्यातली पातळी आपोआप वर येते. आधीच मॅक्सपर्यंत भरलं असेल तर ऑइल बाहेर सांडतं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पॅड जाड असतील तर गळतीचा संशय घ्या. मागच्या टायरची आतली बाजू आणि ड्रमची कड ओली आहे का बघा. काही गाड्यांत हायड्रॉलिक क्लचही याच डब्यातून ऑइल घेतो, तेव्हा क्लच पेडलच्या मुळाशी बोट फिरवा. फसवी गळती मास्टर सिलिंडरची (डब्यातलं ऑइल ब्रेककडे ढकलणारा भाग): ते ऑइल मागच्या बूस्टरच्या, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या गोल डब्याच्या आत जातं, खाली थेंबही पडत नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर घाट टाळा आणि गाडी टो करून न्या.

दिव्यासाठी: डब्याचा दोन पिनांचा प्लग काढा आणि तारेकडच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, चावी ऑन. बहुतेक गाड्यांत दिवा लागला पाहिजे. दिवा नाही आणि बझर मात्र वाजला, तर बल्ब गेला. काही मीटरमध्ये बझर गाडी चालत असतानाच वाजतो, तेव्हा नुसत्या शांततेवरून तार तुटली असं ठरवू नका. मीटर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. बल्ब मागून फिरवून निघतो, नवा त्याच वॅटचा घ्या.

डिझेलपाणी:
ऑइल घालायची वेळ आली तर झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं. उघडा राहिलेला डबा हवेतला ओलावा ओढतो. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं जातं. दोन वर्षांहून जुनं असेल तर पॅडबरोबर सगळंच बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या.