निवेदक, प्रतीक, सपाट पात्र : वाचकाला या संज्ञा हव्यात कशाला?

सायली_वाचते : 'कथा वाचायला संज्ञा लागत नाहीत. संज्ञा शिकलेला माणूस कथेत रमत नाही, तिची चिरफाड करतो.' परवाची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. तिच्याच खाली एका कादंबरीवरून 'लेखक बायकांचा द्वेष करतो' म्हणून गदारोळ चालला होता. अहो, द्वेष निवेदक करतो, म्हणजे कथेतला गोष्ट सांगणारा 'मी'! तो म्हणतो 'बायको खुशीत होती', आणि पुढच्याच संवादात ती त्याला एका शब्दात उत्तर देऊन आत निघून जाते. ही फट लेखकाने मुद्दाम ठेवलेली आहे. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ साली 'अविश्वसनीय निवेदक' म्हटलं ते यालाच. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' कादंबरीत नायिका यमू स्वतः बोलते, तिथे 'मी' म्हणजे हरिभाऊ असं कुणाच्या मनातही येत नाही. पण निवेदक पुरुष आणि लेखकही पुरुष असला, की लगेच लेखकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात.

जुनी_वही : फट दिसायला नजर लागते, बूथ नाही. माझे वडील सातवी शिकलेले. गोष्ट ऐकताना मध्येच म्हणायचे, 'हा सांगणारा काहीतरी लपवतोय.' त्यांना कुठली संज्ञा ठाऊक होती?

सायली_वाचते : त्यांना कळलं, मान्य. पण त्या गदारोळातल्या लोकांना कळलं नाही, आणि त्यांना समजावून सांगायला शब्द हवाच ना?

अर्धविराम : निवेदकाचं राहू द्या, प्रतीकांबद्दल बोला. 'या कथेत पाऊस कशाचे प्रतीक आहे?' असा प्रश्न आम्हाला परीक्षेत होता. मी लिहिलं, पावसामुळे बस चुकते, म्हणून दोघं भेटतात. पाऊस इथे कथानक पुढे नेतो, तो प्रतीक नाही. शून्य गुण. नमुना उत्तर होतं 'दुःखाचे प्रतीक'. तेव्हापासून प्रतीक म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तळटीप : पाऊस दोन्ही असू शकतो की. कथेत किती वेळा येतो?

अर्धविराम : एकदाच. शेवटी ती खिडकी लावून घेते, एवढंच.

तळटीप : मग खिडकी कशासाठी लावते? पाऊस शेवटीही आहे, फक्त लिहिलेला नाही. गुण द्यायला हवे होते, पण उत्तर अर्धंच होतं.

अर्धविराम : हेच ते! मजकुरात नसलेला पाऊस तुम्ही पाडायचा आणि अर्धवट वाचल्याचा ठपका आमच्यावर? वारा असेल, डास असतील, तिला झोप आली असेल. जे लिहिलंय त्यावर बोला.

तळटीप : डासांसाठी कुणी कथेचं शेवटचं वाक्य खर्च करत नाही. लेखकाने काय निवडलं आणि काय गाळलं, हे बघायचंच नसेल तर वाचता कशाला?

अर्धविराम : माझ्या वाचनावर येऊ नका.

सायली_वाचते : दोघंही थांबा. अर्धविराम, तुमचं उत्तर मला पटलं, पण तेही संज्ञेच्याच जोरावर उभं आहे. 'राजा मेला आणि मग राणी मेली' ही गोष्ट, 'राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली' हे कथानक. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७मध्ये केलेला हा भेद. तुम्ही पावसात कार्यकारण पाहिलंत. राग धरायचा तर नमुना उत्तरावर धरा.

जुनी_वही : फॉर्स्टरचं नाव निघालंच आहे तर सांगतो. त्याचं 'सपाट पात्र', म्हणजे एकाच गुणावर उभं असलेलं पात्र, आज समीक्षेत शिवीसारखं फेकतात. त्याने स्वतः सपाट पात्रांची बाजू घेतली आहे : ती चटकन ओळखू येतात, लक्षात राहतात, आणि विनोदी भूमिकेत तर जास्तच खुलतात. माझ्या एका कथेवर 'पात्रे सपाट' एवढाच शेरा आला होता. का, कुठे, त्याने कथेचं काय बिघडलं, एक अक्षर नाही. म्हणून चीड येते. निवेदकाचा मुद्दा घ्या पदरात, तिथे लेखकावर अन्याय होतो खरा. बाकीच्या संज्ञांवरचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

सायली_वाचते : सोडू नका. पण त्या शेऱ्याला उत्तर देताना तुम्हीही फॉर्स्टरच काढलात.