गल्लीतल्या 2400 चौरस फुटांवर चार लहान घरे का बसत नाहीत?

प्रश्न : निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर

नमस्कार. आमचा प्लॉट 40 बाय 60, म्हणजे 2400 चौरस फुटांचा असून समोरची गल्ली साडेसात मीटर रुंद आहे. यजमान गेल्यापासून या बैठ्या घरात मी एकटीच राहते. मुलगा बंगळुरूला स्थायिक झाला आहे आणि तो परत येईल असे वाटत नाही. म्हणून हे घर पाडून तेथे चार लहान घरे बांधावीत, तळमजल्यावरचे एक स्वतःकरिता ठेवावे आणि उरलेली तीन परिचारिका, नोकरी करणाऱ्या मुली किंवा नुकतेच लग्न झालेली जोडपी अशांना भाड्याने द्यावीत, असा माझा विचार आहे. अशा घरांना किती मागणी आहे हे मला घरबसल्या दिसते. शेजाऱ्यांनी मागच्या बाजूने लोखंडी जिना लावून वर दोन खोल्या काढल्या आहेत. त्या रिकाम्या होणार असल्याची कुणकुण लागली की फाटकावर पाटी लागण्याआधीच कुणीतरी चौकशीला येते.

आमच्या वास्तुविशारदांनी मात्र जो नकाशा आणला, त्यात तळमजला सगळा पार्किंगला गेला आहे, वरच्या दोन मजल्यांवर तीन-तीन बेडरूमचा एकेक फ्लॅट आहे आणि त्यांपैकी दुसऱ्या मजल्यावरचा माझा आहे. माझ्या गुडघ्यांचे काय, असे विचारल्यावर त्यांनी लिफ्टचा खर्च सांगितला! मी माझी स्कूटरसुद्धा दोन वर्षांपूर्वी विकून टाकली. जी मोटार माझ्याकडे नाही आणि माझ्या भाडेकरूंकडेही बहुधा नसेल, तिला तळमजला आणि मला जिना, हे कोणत्या नियमात बसते? शहरात परवडणारी घरे कमी आहेत, नियम बदलायला हवेत, असे सगळेच म्हणतात. त्यातला नेमका कोणता नियम बदलायला हवा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : नकाशानवीस

ताई, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर एफएसआयच्या (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल, त्या प्रमाणाच्या) नावाने बोटे मोडण्यापलीकडे चर्चा जात नाही, असा माझा अनुभव आहे.

डिसेंबर 2020 पासून बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे सोडून राज्यभर एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार आपल्या प्लॉटला मूळ एफएसआय 1.10 मिळतो, म्हणजे 2640 चौरस फूट. त्यावर जिना, बाल्कनी, पॅसेज अशा गोष्टी सामावण्यासाठी अधिमूल्य (प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामासाठीचे शुल्क) भरून आणखी 60 टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय घेता येतो. एकूण बेरीज 4224 चौरस फुटांवर जाते. पाचशे फुटांची चार घरे यात आरामात बसतात, तेव्हा आपल्या बाबतीत एफएसआय आडवा आलेलाच नाही.

आडवे येते ते पार्किंग. खांबांवरचा उघडा तळमजला पार्किंगसाठी ठेवला तर तो एफएसआयमध्ये मोजला जात नाही. त्यामुळे नकाशा काढणाऱ्याचा हात सवयीने तिकडेच वळतो: खाली गाड्या, वर मोठे फ्लॅट. बांधून विकणाऱ्याच्या दृष्टीने हे गणित बरोबर आहे, परंतु आपल्याला विकायचे नसून राहायचे आणि भाड्याने द्यायचे आहे. नियमावलीत पार्किंगची गरज सदनिकेच्या चटई क्षेत्रानुसार ठरते आणि लहान सदनिकांना मोटारींची जागा कमी लागते. तीन बेडरूमचे दोन फ्लॅट धरून काढलेला हिशेब चार लहान घरांना जसाच्या तसा लावू नये. तळमजल्याच्या मागच्या अर्ध्यात आपले घर आणि पुढच्या अर्ध्यात एखादी मोटार व दुचाकी, अशी मांडणी करून पाहण्यास वास्तुविशारदांना सांगावे. हे काम नियम न बदलताही होण्यासारखे आहे.

आता दुसरा प्रश्न, शहराचा. वरच्या पूरक एफएसआयहून वेगळा असा अधिमूल्याचा जादा एफएसआय आणि टीडीआर (दुसरीकडची जमीन सार्वजनिक कामाला दिल्याबद्दल मिळणारा, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) हे दोन्ही रस्त्याच्या रुंदीला बांधलेले आहेत. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर दोहोंपैकी काहीच मिळत नाही. 9 ते 12 मीटरच्या रस्त्यावर पूरक एफएसआय सोडून एकूण 2.00 पर्यंत जाता येते आणि 30 मीटरच्या पुढे 3.00 पर्यंत. मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या 500 मीटरच्या पट्ट्यात तर मोठा प्लॉट आणि रुंद रस्ता असल्यास 4 पर्यंत मुभा आहे. म्हणजे नवी घरे जेथे जमीन सर्वांत महाग आहे तेथेच उभी राहावीत, अशी आपली रचना आहे. महाग जमिनीवर बांधणारा एक खोली-स्वयंपाकघराचे घर का काढेल? गल्लीतल्या जुन्या प्लॉटवर मालक स्वतः तीन-चार घरे बांधतो, तेव्हाच लहान आणि स्वस्त घर तयार होते. त्याच्यासाठी नियमावलीत एकच खरी सोय आहे: 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला शुल्काची पावती हीच परवानगी आणि 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. आपला प्लॉट सुमारे 223 चौरस मीटरचा आहे, म्हणजे दुसऱ्या गटात येतो.

मला विचाराल तर गल्ल्यांना जादा एफएसआय देऊ नये. पाचशे फुटांच्या आतील घरांना मोटारीच्या जागेतून पूर्णपणे सूट द्यावी आणि दुचाकींची जागा मात्र सक्तीने घ्यावी.

उत्तर : अंबाझरीकाठ

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा आमच्या घरात कमरेइतके पाणी होते आणि फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत हॉलमध्ये आला होता. त्यानंतर कुणी चार घरांची भाषा करू लागले की माझ्या मनात प्रथम गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी, येते. एका बंगल्यासाठी टाकलेल्या जोडणीवर चार स्वयंपाकघरे आणि चार न्हाणीघरे आली, तर पावसाळ्यात ते पाणी कुठे जाणार, याचा हिशेब कोणत्याच नकाशात नसतो. 9 मीटरची अटही कुणी लहर म्हणून घातलेली नाही. साडेसात मीटरच्या गल्लीत दोन्ही कडेला मोटारी उभ्या असल्या की अग्निशमन दलाची गाडी वळत नाही. मोटारींना आवारात जागा दिली नाही तर त्या अशाच गल्लीत उभ्या राहणार.

घरांची संख्या वाढवण्याच्या उत्साहात बाजूला सोडायच्या जागेवर कुणी कात्री चालवू नये, हेही सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात प्रत्येक खिडकीला कूलर लागतो. दोन इमारतींमध्ये हातभर बोळ राहिला तर एका घरचा कूलर दुसऱ्या घरची गरम, कोंदट हवाच ओढत बसतो. गल्लीत चार घरे जरूर होऊ द्यावीत, परंतु अधिमूल्य आणि विकास शुल्क म्हणून घेतलेला पैसा त्याच वस्तीच्या गडर लाइनीवर खर्च व्हावा, अशी अट हवी.

उत्तर : बेसा रोड

आपण सर्वजण मंजूर लेआउटमध्ये राहून बोलत आहात, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. शहरात तीन-चार लहान घरे झाली नाहीत म्हणून माणसे घराविना राहिली नाहीत, ती बाहेर गेली. शेतमालकाने चुन्याच्या रेषा मारून पाडलेल्या प्लॉटवर त्यांनी हप्त्याहप्त्याने घरे बांधली. नागपुरात ‘572’ आणि ‘1900’ हे आकडे उच्चारले की विषय अशा लेआउटचा आहे, हे कुणालाही समजते. गुंठेवारी कायदा 2001 चा असून त्यात 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या विकासालाच नियमित करण्याची सोय होती. पुढे ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवावी लागली. ही मुदत का वाढवावी लागली याचा विचार केला, तर मधल्या वीस वर्षांत नियमाबाहेर किती बांधले गेले असेल याची कल्पना येते.

माझा स्वतःचा प्लॉट 1200 चौरस फुटांचा आहे. विकणाऱ्याने ‘आर.एल. (प्लॉट नियमित झाल्याचे पत्र) दोन महिन्यांत हातात देतो’ असे सांगितले होते, त्याला आता नऊ वर्षे झाली. आर.एल. नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून वरचा मजला नाही. खालच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहतो. वर दोन घरे निघाली असती, ती निघाली नाहीत.

आणखी एक गोष्ट. परवडणाऱ्या घरांसाठी नियमावलीत तरतूद आहे, 20 टक्के समावेशक घरांची, 30 ते 50 चौरस मीटरच्या सदनिकांची. मात्र ती 4000 चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडांना लागू होते, म्हणजे साधारण 43 हजार चौरस फुटांना. नागपूरची नेहमीची फ्लॅट स्कीम पाच-दहा हजार फुटांच्या प्लॉटवर उभी राहते. त्यामुळे या शहरातील बहुतेक बांधकामांना ही तरतूद शिवतसुद्धा नाही.

उत्तर : प्रवासी

तुलनेसाठी दोन उदाहरणे देतो. अमेरिकेतील ह्यूस्टनने 1998 मध्ये शहराच्या आतील भागात प्लॉटची किमान मर्यादा 5000 वरून 1400 चौरस फुटांवर आणली आणि एका बंगल्याच्या जागी तीन-तीन अरुंद घरे उभी राहिली. न्यूझीलंडमधील ऑकलंडने 2016 मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर अधिक दाटीने बांधण्याची मुभा दिली. त्यानंतर तेथे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचे परवाने झपाट्याने वाढले. गल्ल्यांना एफएसआय न देण्याचा नकाशानवीस यांचा आग्रह या अनुभवाशी जुळत नाही, असे मला वाटते.

उत्तर : नकाशानवीस

त्या शहरांत निवासी भागातील बहुतांश प्लॉटवर एकाहून अधिक घरे बांधण्यालाच मज्जाव किंवा मोठी आडकाठी होती, ती काढली गेली. आपल्याकडे तशी बंदी कधीच नव्हती. धरमपेठेतील बंगले जाऊन फ्लॅट आले ते कोणताही झोन न बदलता. आपले अडते ते रस्त्याची रुंदी, पार्किंग, गडर लाइन आणि आर.एल. या चार ठिकाणी, म्हणून औषधही वेगळे हवे. अंबाझरीकाठ यांची पैशाची अट मला मान्य आहे. ताई, नवा नकाशा काढण्यापूर्वी प्लॉटवर मोठे झाड किंवा विहीर असल्यास ती नेमकी कुठे आहे, तेवढे कळवावे. खांबांची जागा त्यावर ठरेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर : निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर

सर्वांची आभारी आहे. विहीर आहे, मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर. तिला उन्हाळ्यातही पाणी असते, त्यामुळे ती बुजवायची नाही. माझे घर मागच्या अर्ध्यात घेतले तर ती स्वयंपाकघराच्या दाराशी येईल आणि मला ते चालेल. पार्किंगचा हिशेब लहान घरे धरून पुन्हा करावा, असे वास्तुविशारदांना सोमवारी सांगणार आहे.